पलभा साडेचार अंगुळे

डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून घ्या. पातूर आहे, मे महिना आहे, आणि तुम्ही भर बाराला उघड्यावर उभं राहायला आला आहात. अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत हे गाव येतं. सपाट काळी रानं संपून डोंगर लागतो तो इथंच. गावाबाहेर टेकडीच्या कातळात कोरलेली लेणी आहेत. शहाणी माणसं ती पावसाळ्यात बघायला येतात. तुम्ही आलात २२ मे २०२६ ला, शुक्रवारी. शके १९४८, पराभव नाम संवत्सर, अधिक ज्येष्ठ, शुद्ध पक्ष.

पिशवीतून सामान काढा. जेवणाचं मोठं ताट, पाण्याची बाटली, ओळंबा, आणि झाडूच्या दांड्याचा बारा अंगुळांचा तुकडा. हा तुमचा शंकू. त्याचं बूड काल सुताराकडून रंधा मारून सपाट करून घेतलंय, कारण वाकडा शंकू खोटं बोलतो. ताट जमिनीवर ठेवून त्यात बोटभर पाणी ओता. पाणी ज्या कडेला जास्त चढेल त्या बाजूला ताटाखाली चिमूट चिमूट माती सारा. चारी कडांना सारखं टेकलं की पाणी अलगद टिपून घ्या आणि मधोमध शंकू उभा करा. ओळंबा धरून बघा. ताट आता चटका देईल इतकं तापलंय.

कडुनिंबाखाली पानपोईचे रांजण मांडलेत. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना हा खटाटोप बराच वेळ बघवत नाही.

"काय पाहून रायले जी?"

"सावली पाहतोय, काकाजी."

"मंग झाडाखाली या ना. उनात कायची सावली?"

"आज बारा वाजून एकोणीस मिनिटांनी ती नाहीशी होणार आहे."

"या उनात सगळंच नायसं होते बापा," म्हणत ते ओगराळंभर पाणी तुमच्या ओंजळीत ओततात.

बाराला सावली पश्चिमेकडे एक अंगूळ होती. बारा-दहाला अर्धा. आता ती शंकूच्या बुडाशी काळ्या दोऱ्यासारखी उरलीय. सूर्य डोक्यावर आला असं आपण रोजच म्हणतो, पण तो खरोखर, ओळंब्याच्या रेषेत, डोक्यावर येतो तो पातुरात वर्षातून दोनच दुपारी: २२ मेच्या सुमारास आणि २१ जुलैच्या सुमारास. मधले साठ दिवस तो आपल्या उत्तरेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. घराची दक्षिणेकडची भिंत तेवढेच दिवस जरा निवते. भोपाळ ओलांडून उत्तरेला गेलात की हा प्रकार बंद. तिकडे सूर्य कधी माथ्यावर येतच नाही.

पंचांगकर्त्यांच्या भाषेत पातूरची पलभा साडेचार अंगुळे. म्हणजे २१ मार्चला, दिवस-रात्र सारखी असताना, बारा अंगुळांच्या शंकूची माध्यान्हीची सावली इथं साडेचार अंगुळे भरते. गावाचा अक्षांश सांगायची ही जुनी तऱ्हा. या साडेचाराला दहाने गुणा, आठाने गुणा, दहाने गुणून तिनाने भागा: ४५, ३६ आणि १५ पळं. ही झाली चरखंडं, आणि त्यांवरून वर्षभराचा सूर्योदय निघतो. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी इथं सव्वातेरा तासांच्या किंचित वर दिवस असतो, हे कुणीही घड्याळाशिवाय, एका काठीच्या सावलीवरून सांगू शकत होतं.

आता पृथ्वीच्या गोलावर पातूरवर बोट ठेवा आणि तसंच आडवं पश्चिमेकडे सरकवा. अरबी समुद्र, अरबस्तान, सहारा, अटलांटिक, क्यूबाचं पूर्वेकडचं टोक. मग मेक्सिकोचा युकातान. बोट थांबेल तिथून उत्तर-दक्षिण दहा-अकरा किलोमीटरच्या फरकानं माया लोकांचं एक उजाड नगर आहे: उश्माल. दहा किलोमीटर म्हणजे पातूरहून शेजारच्या खेड्यापर्यंत. तिथली पलभाही साडेचार अंगुळेच. पातूरची चरखंडं घेऊन तिथं पंचांग मांडलं तर सूर्योदयात चूक निघायची नाही, आणि तिथलाही शंकू याच दोन दिवशी सावली गिळतो.

बारा एकोणीस. दोरा गेला. शंकूला सावली नाही, ताटाला नाही, तुम्हालाही नाही. आजच्यापुरतं असं धरून चाला की सावली नसलेल्या माणसाला काळ धरून ठेवू शकत नाही.

पहिली गोष्ट जाते ती आवाज. रस्त्यावरचे ट्रक, कुठल्याशा मांडवातला डीजे, सगळं. कडुनिंब आहे, पण हा तो कडुनिंब नव्हे. शके ८२९ आहे. आजच्या इंग्रजी तारखेच्या हिशेबानं मांडायचं तर २० मे ९०७, आणि हाही शुक्रवारच. दूर मान्यखेटला राष्ट्रकूट दुसरा कृष्ण गादीवर आहे. इथं त्याचं काही जाणवत नाही. वैशाख संपत आलाय. आज अमावास्या, म्हणजे रात्री चंद्राची वाट बघू नका.

झाडाखाली एक माणूस मांडी घालून बसलाय. समोर पाटी, पाटीवर बारीक धूळ पसरलेली. तो बोटानं आकडा लिहितो, तळहातानं पुसतो, पुन्हा लिहितो. उन्हात त्याचाही शंकू उभा आहे, तुमच्यासारखाच बिनसावलीचा, पण त्याकडे त्यानं एकदाच बघितलं. त्याचं लक्ष धुळीत आहे. त्याला अहर्गण काढायचाय, म्हणजे कलियुग लागल्यापासून आजवर किती दिवस झाले ते.

मागे उभे राहून बघा, घाई करू नका. कलियुगाची ४,००८ वर्षं सरली. त्यांचे महिने केले, चैत्रापासूनचे मिळवले. आता त्यात अधिक मास घालायचे. सूर्यसिद्धान्तातल्या आकड्यांनी त्रैराशिक मांडलं की येतात १,४७८. सगळ्या महिन्यांना तीसनं गुणून चालू महिन्याच्या तिथ्या मिळवल्या: १४,८७,२७९ तिथ्या. पण तिथी दिवसापेक्षा लहान, अधूनमधून एखादी सूर्योदय न बघताच संपते. अशा क्षय झालेल्या तिथ्या आल्या २३,२७१. त्या वजा केल्या. उरले १४,६४,००८ दिवस.

एवढ्या मोठ्या आकड्यात एकाची चूक झाली तर कळणार कसं? तो आकड्याला सातनं भागतो. बाकी शून्य. कलियुग शुक्रवारी लागलं अशी मांडणी, म्हणजे बाकी शून्य आली की वार शुक्रवार यायला हवा. तो कुणाला तरी हाक मारून आजचा वार विचारतो. शुक्रवार. हात झटकतो. धूळ उडते, आकडा जातो, आणि तो भाकरी सोडायला घेतो.

हा माणूस मी कल्पिलाय, हिशेब कल्पिलेला नाही. तो कागदावर करून पाहिला तेव्हा शेवटची शून्य बाकी बघून मलाही हात झटकावेसे वाटले होते.

त्याची मुलं या विद्येसाठी जाणार असतील तर दक्षिणेला वत्सगुल्माकडे जातील, म्हणजे आजच्या वाशीमकडे. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. पण ज्योतिषांना ते नाव दुसऱ्याच कारणानं पाठ: लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी पृथ्वीची मध्यरेषा ज्या गावांवरून जाते असं जुने ग्रंथ सांगतात त्यांत उज्जयिनीच्या जोडीला वत्सगुल्म येतं. पुढे भास्कराचार्यांनीही ११८३ च्या 'करणकुतूहला'त ते गणलंय. आजच्या नकाशावर ही रेघ सरळ नाही, वाशीम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून जास्त सरकलेलं आहे. तरी ग्रीनिच व्हायच्या कितीतरी आधी हिंदुस्थानचा शून्य रेखांश पातूरच्या शेजारून जात होता, हे वाशीमच्या एस.टी.त बसताना आठवायला हरकत नाही.

सूर्य कलला. माणूस भाकरी खाऊन आडवा झाला. तुम्ही मात्र त्या सूर्याला सोडू नका, त्याच्यामागं चला. अकरा तास सात मिनिटं.

जमीन लाल आहे, चुनखडीच्या दगडांनी भरलेली. आधी तुम्ही नदी शोधता, कारण आपल्याकडे गाव म्हणजे नदी. इथं नदी नाही. ओढासुद्धा नाही. पाऊस पडतो तो सगळा चुनखडीत मुरतो. प्रत्येक चौकात जमिनीखाली बाटलीच्या आकाराचं, चुन्यानं गिलावा केलेलं टाकं आहे आणि त्याच्या गोल तोंडाकडे चहूबाजूंनी उतार. मे संपत आलाय, टाकी तळाला लागलीत. बायका दोर सोडतात तेव्हा मडकं पाण्यात पडल्याचा आवाज येत नाही, खरवडल्याचा येतो. खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही.

समोर उंच, गोलसर कडांचा पिरॅमिड. पुढच्या काळात लोक म्हणतील की तो अंड्यातून निघालेल्या एका बुटक्यानं एका रात्रीत बांधला. हसू येतं ना? आपल्याकडे कुठलंही जुनं देऊळ दाखवा, ते पांडवांनी रात्रीतून बांधलेलं असतं आणि कोंबडा आरवला म्हणून कळस राहिलेला असतो.

तुम्हाला जायचंय ते शंभरेक मीटर लांबीच्या, चौथऱ्यावरच्या वाड्याकडे. नंतर आलेले स्पॅनिश लोक त्याला राज्यपालाचा वाडा म्हणतील. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात दगडाची नुसती जाळी विणलीय आणि तिच्यातून चाक या पर्जन्यदेवाचे सोंडेसारख्या नाकाचे मुखवटे बाहेर डोकावतात. जवळ जा. मुखवट्यांच्या डोळ्यांखाली शुक्राचं चिन्ह कोरलंय, एकदा नाही, साडेतीनशेहून जास्त वेळा. कोपऱ्यावरच्या काही मुखवट्यांवर एक आडवी रेघ आणि तीन ठिपके आहेत. रेघ म्हणजे पाच, ठिपका म्हणजे एक. आठ.

हे आठ कशाचे ते बघू. पण आधी तो माणूस.

तोही सावलीत बसलाय, तोही आकडे लिहितोय. पाटीऐवजी अंजिराच्या जातीतल्या झाडाच्या सालीचा, चुना चढवलेला, पंख्यासारखा घडीचा कागद. तो ठिपके आणि रेघा वरून खाली मांडतो आणि जिथं काही नाही तिथं शिंपला काढतो. शिंपला म्हणजे शून्य. आजच्या दिवसाला तो लिहितो: १०, ३, १८, ५, ११. सगळ्यांत वरचा एकक १,४४,००० दिवसांचा, त्याखाली ७,२०० चा, मग ३६०, मग २०, मग सुटे दिवस. बेरीज करून बघा: १४,६८,१९१ दिवस.

पातूरच्या कडुनिंबाखाली धुळीत उमटून पुसला गेलेला आकडा आठवतोय? १४,६४,००८. दोघांत ४,१८३ दिवसांचा फरक, साडेअकरा वर्षांचाही नाही. एकमेकांचं नाव ऐकणं शक्य नव्हतं अशी दोन माणसं एकाच रेषेवर, एकाच दिवशी, बिनसावलीच्या दुपारी, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा दिवसापासून मोजत आली होती आणि त्यांच्या सुरुवाती एका तपाच्या आत पडल्या होत्या.

इथं अंगावर काटा येऊ द्या, पण लगेच पुसून टाका. हा योगायोग आहे. आपला आरंभ गणितानं मागे जाऊन काढलेला: सगळे मध्यम ग्रह मेषेच्या आरंभी एकत्र येतील असा क्षण मागे शोधत गेले, तो इसवी सनापूर्वी ३१०२ च्या फेब्रुवारीत सापडला. त्यांचा आरंभ सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथेतला, इसवी सनापूर्वी ३११४ चा ऑगस्ट. सूर्यसिद्धान्त सूर्याच्या अंशानं मय नावाच्या असुराला सांगितला अशी ग्रंथाची सुरुवात आहे, आणि त्या एका नावावरून मयासुर थेट अमेरिकेत पोचल्याचे व्हिडिओ तुम्हाला भरपूर भेटतील. नावाचा सारखेपणा हा पुरावा नव्हे. दोघांना जोडणारी गोष्ट डोक्यावर होती, ती पुरेशी आहे.

त्याच्या कागदावर आजचं आणखी एक नाव आहे: १ चुएन, ४ मोल. चुएन म्हणजे माकड, लिहिणाऱ्या-घडवणाऱ्यांचा दिवस. पहिली जोडी २६० दिवसांच्या चक्रातली, तेरा आकडे आणि वीस नावं एकमेकांत फिरवलेली. दुसरी ३६५ दिवसांच्या वर्षातली: वीस-वीसचे अठरा महिने आणि शेवटी पाच अवलक्षणी दिवस. दोन्ही चाकं पुन्हा त्याच दातावर येतात ती १८,९८० दिवसांनी, म्हणजे बावन्न वर्षांनी. आपल्याकडे प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरं गुरूच्या पाच फेऱ्यांवर बसवलीत आणि साठी आली की माणसाची शांत करतात. त्यांच्याकडे तोच मान बावन्नाला.

पण २६० कुठून आले? आकाशात २६० दिवसांची कुठलीच ठळक फेरी नाही. यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही. कुणी हाता-पायांची वीस बोटं आणि तेरा स्वर्ग सांगतं, कुणी मक्याचं पीक. कुणी म्हणतं ही सुइणीची मोजणी, कारण पाळी चुकल्यापासून बाळंतपणापर्यंत साधारण तेवढेच दिवस. मला ही सुईण पटते. आणखी एक मत बिनसावलीच्या दिवसाशी जोडलेलं आहे: उश्मालच्या बरंच दक्षिणेला, पंधरा अंशांच्या जरा खाली, इसापा नावाचं जुनं ठिकाण आहे. तिथं सूर्य ऑगस्टच्या मध्याला माथ्यावरून गेला की पुन्हा माथ्यावर यायला २६० दिवस लागतात आणि मधले राहतात १०५. पातुरात हीच वाटणी ३०५ आणि ६० अशी पडते, म्हणून पातुरात कुणाला २६० सुचले नसते.

सुचले कुठूनही असोत, त्यांचा उपयोग बघा. मंगळाची सूर्याशी पुन्हा गाठ पडते ७८० दिवसांनी. म्हणजे तीन वेळा २६०. चंद्राच्या ४०५ महिन्यांचे दिवस होतात ११,९६०. म्हणजे छेचाळीस वेळा २६०. त्यांचा ग्रहणांचा तक्ता याच लांबीचा आहे. शुक्राच्या पासष्ट फेऱ्या ३७,९६० दिवसांच्या. म्हणजे १४६ वेळा २६० आणि बरोबर १०४ वर्षं. हा माणूस अपूर्णांक लिहीतच नाही. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा, हे त्याला माहीत आहे, पण तो "किंचित" लिहिण्याऐवजी तो किंचितपणा जिथं मिटेल तिथपर्यंत मोजत जातो. आपला पातूरचा माणूस तेच दुसरीकडून करतो: ४३,२०,००० वर्षांचं महायुग घेतो, त्यात चंद्राचे ५,३४,३३,३३६ महिने बसवतो आणि भागाकार करतो. दोन्ही उत्तरांत महिन्यामागे चोवीस सेकंदांचाही फरक पडत नाही.

आता ते आठ. शुक्राची पहाटेच्या उदयापासून पुढच्या पहाटेच्या उदयापर्यंतची एक फेरी ५८४ दिवसांची. पाच फेऱ्या म्हणजे २,९२० दिवस, म्हणजे बरोबर आठ वर्षं. आठ वर्षांनी शुक्र वर्षाच्या त्याच दिवसांत, क्षितिजावर त्याच जागी येतो. हा वाडा शेजारच्या इमारतींपेक्षा मुद्दाम तिरका बसवलाय. शुक्र क्षितिजावर जिथपर्यंत सरकतो त्या टोकाशी त्याची दिशा जुळवलीय, असं तो मोजणाऱ्यांचं म्हणणं आहे. ते एक ५८४ पुन्हा चार तुकड्यांत मोडतात: पहाटेची चांदणी २३६ दिवस, मग ९० दिवस लोप, संध्याकाळची चांदणी २५० दिवस, आणि मग फक्त आठ दिवस गायब.

हे शेवटचे आठ दिवस तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहेत. शुक्राचा अस्त आहे, मुहूर्त नाही, म्हणून लग्न थांबल्याचं तुम्ही ऐकलं असेल. आपल्याकडे शुक्र बुडालेला असताना काळजी, कारण तो वऱ्हाडी मंडळींचा, संसाराचा ग्रह. इथं उलट. आठ दिवसांनी तो पहाटे पूर्वेला पुन्हा दिसतो तेव्हा यांच्या पोथीत भाला फेकणारी देवता असते आणि तिच्यापुढे भाला लागून पडलेला कुणीतरी. तोच ग्रह, तेच आठ दिवस. आपण वरात अडवायची, त्यांनी पहाटेला घाबरायचं.

माणूस कागदाची घडी घालतो. आभाळात एक ढग नाही. त्याच्या दारात शेंड्याला जाळून टोक काढलेली काठी टेकलीय, पहिला पाऊस झाला की जमिनीत भोक पाडून मका टाकायची. पातूरलाही या वेळी असंच: पंचांगात रोहिणी कधी, मृग कधी, वाहन बेडूक की म्हैस, हेच चालू असतं. सूर्य माथ्यावर येऊन उत्तरेला गेला की मागोमाग पाऊस येतो आणि तो पुन्हा माथ्यावर येईतो पेरण्या उरकायच्या असतात, हे दोन्हीकडे खरं.

सावली परतायला लागलीय. जाता जाता दोन ठिकाणं ओझरती बघा, थांबू नका.

एक इथून चाळीसेक किलोमीटरवर, याच रेषेवर: मानी, १५६२. दिएगो दे लांदा हा पाद्री घडीच्या पोथ्यांचा ढीग पेटवतोय. साल आणि चुना जळतानाचा वास वेगळा असतो, तो लक्षात राहील. माया पोथ्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जगात उरल्या. शुक्राचा तक्ता आज आपल्याला वाचता येतो तो जर्मनीत ड्रेस्डेनला पोचलेल्या एका पोथीमुळं, आणि तिथल्याच ग्रंथपालानं, फ्योर्स्टेमाननं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिचे आकडे सोडवल्यामुळं.

दुसरं काशी, १६०३. एक वऱ्हाडी माणूस सूर्यसिद्धान्तावर टीका लिहितोय. रंगनाथ त्याचं नाव. घराणं विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या, म्हणजे आपल्या पूर्णेकाठच्या, दधिग्रामचं. वडील बल्लाळ काशीला जाऊन राहिले. भाऊ कृष्ण दैवज्ञ जहांगिराच्या पदरी. मुलगा मुनीश्वर पुढे स्वतः सिद्धान्तग्रंथ लिहिणार. रंगनाथाची 'गूढार्थप्रकाशक' टीका टिकली, नकलली गेली, छापली गेली. एबेनेझर बर्जेस नावाचा अमेरिकन मिशनरी १८३९ मध्ये मराठी मुलखात आला. त्याला शाळांसाठी मराठीत खगोलाचं पुस्तक करायचं होतं. त्या निमित्तानं तो रंगनाथाची टीका हाताशी घेऊन सूर्यसिद्धान्तात शिरला आणि १८६० मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं. मानीला पोथ्या जळाल्या त्यानंतर चाळीसच वर्षांनी पूर्णेकाठच्या पोरानं आपली पोथी उलगडून ठेवली होती.

ट्रकचा हॉर्न. कडुनिंब. ताटात शंकूच्या पूर्वेला काळा दोरा दिसायला लागलाय.

"गेली का सावली?"

"गेली होती. आली परत."

"जाईन कुठं बापा," काकाजी म्हणतात आणि उठतात. त्यांना घरी जायचंय, धोंड्याचा महिना आहे आणि जावई येणार आहे. "तीन सालातून एकदा येते हा महिना. पोरीनं अगोदरच फोन केला, तेहतीस अनारसे मोजून ठेव म्हणे."

तेहतीसच का, हे त्यांना विचारू नका. त्यांचं उत्तर तेहतीस कोटी देवांवर जाईल. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाहून जवळजवळ अकरा दिवसांनी तोकडे. ती तूट साचत साचत सुमारे तेहतीस महिन्यांत एक अख्खा महिना होते आणि तो कुठंतरी घालावा लागतो. पातूरच्या धुळीतले १,४७८ अधिक मास ते हेच. उश्मालच्या माणसानं असं ठिगळ कधी लावलं नाही. त्याचं ३६५ दिवसांचं वर्ष चार वर्षांत एक दिवस ऋतूंच्या पुढं निसटत राहिलं आणि त्यानं ते निसटू दिलं, पण दिवसांच्या माळेतला एक मणीही हलवला नाही. आपण तिथ्या गिळू दिल्या, महिने वाढवले, पण श्रावण पावसातून बाहेर जाऊ दिला नाही. अगदीच सुटला नाही असंही नाही म्हणा: खरं उत्तरायण डिसेंबरात लागतं आणि आपण तिळगूळ जानेवारीच्या मध्याला वाटतो.

त्यांच्या माळेत आज १३, ०, १३, ११, ०. शेवटी शिंपला. २१ डिसेंबर २०१२ ला त्या माळेचे १८,७२,००० दिवस भरले तेव्हा जग बुडणार म्हणून आपल्या चॅनेलांनीही घसा फोडला होता. आपला कलीचा अहर्गण त्याच १८,७२,००० वर कधी पोचला, हिशेब केलात? ४ जून २०२४, मंगळवार. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. सगळा देश टीव्हीपुढं आकडेच बघत बसला होता, हा एक आकडा सोडून.

रात्री पातुरातच मुक्काम करा. जेवायला काकाजींनी बोलावलं तर नाही म्हणू नका, अनारसा चौतिसावा मिळेल. दिवस मावळला की पश्चिमेला शुक्र ठसठशीत दिसेल, त्याच्यावर गुरू. ऑक्टोबरात हाच शुक्र सूर्याजवळ लोपेल आणि काही दिवसांनी पहाटे पूर्वेला येईल. तो तर त्यांचा धास्तीचा दिवस.

मोबाइलवर गजर लावा, रात्री अकरा पंचवीसचा. गच्चीवर जा. फरशी अजून गरम आहे, चप्पल काढू नका. अर्ध्याच्या जवळ आलेला चंद्र पश्चिमेला उतरलाय आणि त्याच्या उजेडात तुमची सावली गच्चीभर लांब पडलीय, कठड्यावर चढून शेजारच्या टिनांवर गेलीय. अकरा सव्वीस. तिकडे, त्याच रेषेवर, त्या तिरक्या वाड्यापुढं कुणी प्रवासी उभा असेल तर त्याच्या पायाशी आत्ता काही नाही.

खालून काकाजींचा आवाज येतो. "आता काय पाहून रायले जी?"